रोलर कोस्टरच्या चढावरचा कट्-कट् आवाज कुठून आला? जुन्या राइड्सचं महत्त्व विचारणाऱ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारतोय, की काका, परदेशात जुने लाकडी रोलर कोस्टर, जुने आकाशपाळणे, जुने फिरते घोडे जपून ठेवतात, काहींना तर चक्क स्मारकाचा दर्जा देतात, त्यात ऐतिहासिक असं नेमकं काय आहे? नवीन राइड उंच आहे, फास्ट आहे, सेफ आहे, मग जुन्याचं एवढं काय?

मी आयटीआय फिटर. तीस वर्षं राइड मेंटेनन्समध्ये काढलीत, मुंबईत आणि आसपासच्या पार्कांत, आणि त्याच्या आधी शाळेच्या वयात माहीमच्या जत्रेत मामाच्या पाळण्यावर. त्यामुळे मी जे सांगणार ते हाताला काळं ग्रीस लागलेल्या माणसाचं म्हणणं आहे असं धर.

तू नवीन राइडला सेफ म्हणतोस ना, तर मी उलटा प्रश्न विचारतो, ही सेफ्टी आली कुठून? प्रत्येक खटका, प्रत्येक चाक, मांडीवरचा प्रत्येक बार हा कधीतरी कुणाचंतरी घोडं अडलं म्हणून आलाय. जुनी चालती राइड म्हणजे कुठे अडलं होतं आणि कसं सुटलं याची नोंद आहे, आणि ती नोंद नुसतं ड्रॉइंग वाचून कळत नाही, मशीनपाशी उभं राहावं लागतं.

आवाजापासूनच सुरू करतो. कोस्टरची गाडी पहिला चढ चढताना जो कट्-कट्-कट् आवाज येतो, पोटात गोळा आणणारा, तो लोकांना वाटतं चेनचा आहे. चेनचा नसतो तो. चढाला एक दातेरी पट्टी असते, करवतीसारखी, आणि गाडीच्या पोटाला एक लोखंडी खटका लोंबत असतो, आम्ही त्याला डॉग म्हणतो. गाडी वर सरकली की डॉग दात्यावरून घसरतो आणि पुढच्या खाचेत पडतो, स्वतःच्या वजनाने, त्याला ना वीज लागते ना एअर प्रेशर ना सेन्सर. गाडी मागे यायला लागली की डॉग दात्याला अडकतो आणि गाडी जागेवर थांबते, बस, एवढंच. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१० च्या सुमारास याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी हीच कल्पना जगभर लाखो लोकांना रोज वर नेतेय.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. एका पार्कात, नाव नको, मे महिन्याच्या सुट्टीतला रविवार, बारा माणसांची गाडी भरलेली, चढाच्या साधारण दोन तृतीयांशावर असताना चेनची पिन तुटली. मी खालीच ग्रीसचा डबा घेऊन उभा होतो. चेन सळसळत खाली आली, तो आवाज अजून कानात आहे, आणि गाडी वीतभर मागे सरकली आणि खाडकन बसली. वरून एक बाई किंचाळल्या आणि मग एकदम शांतता. आम्ही दोघं बाजूच्या जिन्याने वर चढलो, एकेकाला हात धरून उतरवलं, सहा-सात वर्षांची एक मुलगी होती तिची चप्पल खाली पडली होती आणि ती म्हणे आधी चप्पल आणून द्या मगच उतरते. आणून दिली. सगळे चालत घरी गेले. संध्याकाळी डॉग काढून बघितला, दोन इंचांचा तुकडा, कडेला नुसतं जरा चकाकल्यासारखं झालेलं. तो हातात धरल्यावर मला मिलर कळला.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की गेस्ट लोक आवाजाला घाबरतात, डॉगला खालून रबर लावा. मी नाही म्हटलं आणि त्यावरून बरंच वाजलं. पण आवाज बंद झाल्यावर खाली उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसं की डॉग पडतोय? एक कट् चुकला की फिटरचं डोकं आपोआप वर होतं, तो आवाज म्हणजे आमचा डॉक्टरचा स्टेथोस्कोप आहे. आणि डॉग कामाला आला नाही तर काय होतं तेही इतिहासात आहे, लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ३० मे १९७२ ला बिग डिपर नावाच्या कोस्टरची गाडी वर ओढणाऱ्या दोरापासून सुटली, मागे येणं थांबवणारी यंत्रणा चालली नाही, आणि पाच मुलं गेली. मी नवीन पोरांना कामावर घेतो तेव्हा ही तारीख पहिल्या दिवशी सांगतो.

आता थोडं मागून. कोस्टरचा उगम रशियातला, तिथे हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यावर पाणी ओतून बर्फ करायचे आणि घसरायचे. फ्रेंचांनी तेच चाकांवर आणलं, पॅरिसमध्ये १८१७ ला अशा दोन घसरगाड्या सुरू झाल्या आणि त्यात गाडी रुळाला धरून राहील अशी चाकांची सोय होती. गंमत बघ, फ्रेंच आणि स्पॅनिश लोक आजही कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात.

अमेरिकन कसं झालं तर कोळशामुळे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी डोंगरावरून उताराने खाली सोडायचे, ब्रेक मारायला माणूस, आणि रिकाम्या वाघिणी परत वर ओढायला खेचरं, ती खेचरंही त्याच गाड्यांत बसून खाली यायची. पुढे कोळसा दुसऱ्या मार्गाने जायला लागला आणि हा मार्ग निव्वळ हौशी लोकांसाठी चालू राहिला, पैसे देऊन खाली घसरायला. म्हणजे खाणीतलं काम रविवारची करमणूक झालं. मग १६ जून १८८४ ला लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला स्विचबॅक रेल्वे सुरू केली, तिकीट ५ सेंट, स्पीड ताशी जेमतेम ६ मैल, म्हणजे आपण दादर स्टेशनला गाडी पकडायला धावतो तेवढा. लोक बाकड्यावर बसल्यासारखे बाजूला तोंड करून बसायचे, दुसऱ्या टोकाला उतरायचे, कामगार गाडी ढकलून पुन्हा वर चढवायचे आणि मग परतीचा प्रवास. आज हसू येईल इतकं साधं, पण पैसे देऊन रांग लावणारी माणसं, मोजून माणसं बसवणं, एक खेप संपली की दुसरी, हा आमचा सगळा धंदा तिथून सुरू झाला. वर्षभरातच कुणी गोल फिरून परत त्याच जागी आणणारा रूळ केला, कुणी चेनने गाडी वर ओढायला लागलं.

आणि आता परत मिलरकडे यावंच लागतं, कारण त्याचं खरं मोठं काम डॉग नाही, खालचं चाक आहे. त्याच्या आधीच्या बहुतेक कोस्टरमध्ये गाडी रुळावर नुसती ठेवलेली असायची, दोन्ही बाजूंना लाकडी कठडे आणि त्याला घासणारी बाजूची चाकं. त्यामुळे उतार मवाळ, वळण मवाळ, जरा जास्त स्पीड आला तर गाडी उचलली जायची भीती, म्हणून गाडीवर ब्रेकमन हवाच. अशा प्रकारचा सगळ्यात जुना उभा असलेला कोस्टर पेनसिल्व्हेनियात अल्टूना गावी आहे, लीप द डिप्स, १९०२ चा, उंची फक्त ४१ फूट. कोपनहेगनच्या टिव्होलीत १९१४ चा लाकडी कोस्टर आहे, त्यावर आजही ब्रेकमन बसतो आणि उतारावर किती सोडायचं ते तो हाताने ठरवतो. विचार कर, शंभर वर्षांपूर्वीचं कौशल्य एका माणसाकडून दुसऱ्याच्या हातात असं सरकत आलेलं, हे कुठल्या म्युझियममध्ये काचेच्या मागे ठेवता येईल?

मिलरने १९१९ मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट मिळवलं. वरचं चाक वजन घेतं, बाजूचं चाक वळणावर धरतं, खालचं चाक गाडीला उडू देत नाही. ही तीन चाकं आली आणि एका रात्रीत नाही पण आठ-दहा वर्षांत कोस्टरचा चेहरा बदलला, २६ जून १९२७ ला कोनी आयलंडला सायक्लोन सुरू झाला तो ८५ फूट उंच, ताशी ६० मैल, पहिला उतार जवळजवळ साठ अंशांचा. खालचं चाक नसतं तर हा उतार कागदावरच राहिला असता. तू खोपोलीला इमॅजिकात नायट्रोवर बसला असशील, त्याच्या गाडीखाली वाकून बघ, तीच तीन चाकं, फक्त मटेरियल बदललं.

लूपचं पण असंच. लोकांनी १८९५ मध्येच उलटं फिरवून बघितलं होतं, पण लूप अगदी गोल, कंपासने काढल्यासारखा. गोल लूपमध्ये शिरताना एकदम झटका बसतो, माना आखडायच्या, दुखायच्या. १९०१ मध्ये जरा लांबट लूप आला पण एका वेळी माणसंच इतकी कमी बसायची की धंदा परवडेना, बसणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त, आणि बघायचेही पैसे लावलेले. मग कित्येक दशकं लूपचं नाव नाही. १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नसाठी पोलादी नळीचा रूळ आला, नळी हवी तशी वाकवता येते, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अँटन श्वार्त्सकॉफच्या कारखान्याचा आणि वेर्नर श्टेंगेलच्या गणिताचा रिव्हॉल्युशन नावाचा कोस्टर उभा राहिला, ज्याचा लूप थेंबाच्या आकाराचा होता, खाली मोठी त्रिज्या आणि वर लहान. रेल्वेवाले रूळ वळवताना एकदम वळण देत नाहीत, हळूहळू आवळत नेतात, तोच विचार उभा करून ठेवलेला. तुझ्या अभ्यासक्रमात ट्रान्झिशन कर्व्ह असेल तर ते पान उघड आणि शेजारी या लूपचा फोटो ठेव.

कोस्टरवर बरंच झालं, आता पाळण्याकडे येतो, तो माझ्या जास्त जवळचा.

इंग्रजीत फेरिस व्हील म्हणतात ते जॉर्ज फेरिसमुळे. पॅरिसने १८८९ ला आयफेल टॉवर उभा करून दाखवला, तर १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात अमेरिकेला त्याच्या तोडीचं काहीतरी हवं होतं. फेरिस पुलांच्या कामातला माणूस. त्याने २६४ फूट उंच चाक उभं केलं, ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं, हिशोब कर, एका वेळी २१६० जण. मधला आस ४५ फुटांहून लांब, त्या काळातला घडीव पोलादाचा सगळ्यात मोठा तुकडा. आरे बघितलेस तर जाड खांब नाहीत, बारीक सळ्या आहेत, सायकलच्या तारांसारख्या ताणलेल्या, वरून लोंबकळणारं वजन ताणावर घ्यायचं ही अक्कल. तिकीट ५० सेंट आणि दोन फेऱ्या, पहिल्या फेरीत सहा वेळा थांबून माणसं चढवायची-उतरवायची, दुसरी फेरी सलग. १४ लाखांहून जास्त लोक बसले. फेरिस स्वतः तीन वर्षांत टायफॉइडने गेला, सदतिसाव्या वर्षी, आणि ते चाक १९०६ ला सुरुंग लावून पाडलं, भंगारात गेलं. त्याच पिढीतलं व्हिएन्नाचं १८९७ चं चाक अजून फिरतंय, युद्धात १९४४ ला जळलं, परत उभं केलं तेव्हा तीस ऐवजी पंधराच डबे लावले. शिकागोचं सांगायला फोटो उरले आणि व्हिएन्नाच्या चाकाखाली तू आजही जाऊन उभा राहू शकतोस.

पण चाक काही फेरिसने शोधलं नाही, हे मला ठासून सांगायचंय. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये, आज बल्गेरियात असलेल्या प्लोव्हदिव्ह गावी, तेव्हा ते तुर्की राज्यात होतं, माणसांनी हाताने फिरवायचे लाकडी पाळणे बघून त्याचं वर्णन आणि चित्र करून ठेवलंय. ते चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण ते माझ्या मामाचं मशीन होतं.

मामाचा पाळणा चार डब्यांचा, लाकडी, हाताने फिरवायचा. मोटर नाही. डिसेंबरात माहीमच्या दर्ग्याचा उरूस लागतो, दहा दिवस, पोलिसांची मानाची चादर निघते, आणि मागे रेतीबंदरच्या वाळूत पाळणे उभे राहतात. बाकी वर्षभर हाच पाळणा कुठे बांद्र्याला सप्टेंबरात मोत मावलीच्या जत्रेला, कुठे महालक्ष्मीच्या नवरात्रात, कुठे गिरगाव चौपाटीवर. वाळूत पाया कसा धरायचा हीच पहिली विद्या होती, दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचायची, पाचर ठोकायची, मग रिकामा पाळणा वीस फेऱ्या फिरवायचा आणि मामा खाली बसून नुसता बुशचा, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या कड्याचा, आवाज ऐकायचा. बुश लाकडाचे, त्यात एरंडेल तेल. कुई झालं की थांबव, तेल सोड.

आणि वजन. समोरासमोरचे डबे सारखे भरल्याशिवाय पाळणा हलत नाही, हललाच तर हातातून सुटतो. मामा रांगेकडे बघून नजरेने वजन करायचा, 'ते जाड काका इकडे, ती तीन पोरं समोर, आजी मधे', आणि किलोभराचाही फरक पडायचा नाही असं मला तेव्हा वाटायचं. फिरवणारी दोन पोरं आऱ्यावरून माकडासारखी वर चढायची आणि वरच्या डब्याच्या दांड्याला लटकून स्वतःच्या वजनाने खाली यायची, पाय जमिनीला लागायच्या आत सोडून द्यायचं. मी सुद्धा केलंय ते, चौदाव्या वर्षी, हाताची सालं निघायची. शिकागोत हजार हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन जे काम करत होतं ते इथे दोन पोरांचं वजन करत होतं, तत्त्व तेच, डबे भरण्याची काळजी तीच.

आपण त्याला पाळणा म्हणतो हेही बघ. झोका नाही, चाक नाही, पाळणा. ज्यात तान्ह्याला जोजवतात तो, आणि मोठा झाला की आकाशपाळणा. शब्दातच ती वस्तू आपल्याकडे किती जुनी आणि किती घरची आहे ते दिसतं.

मोठी लोखंडी सुटी करून गावोगाव नेता येणारी चाकं आली ती नंतर, अमेरिकेत सलिव्हन नावाच्या माणसाने शिकागोचं चाक बघितलं आणि १९०० मध्ये इलिनॉयमध्ये स्वतःचं लहान, ट्रेनमधून नेता येणारं चाक उभं केलं. आज जत्रेत ट्रकमधून येऊन रात्रीत उभा राहणारा आकाशपाळणा त्याच कल्पनेचा नातू. जत्रेतली बाकी मंडळी पण अशीच कुणाची ना कुणाची नातवंडं आहेत, ब्रेक डान्स हे नाव आणि मशीन जर्मनीच्या हुस कंपनीचं, १९८५ चं, आपल्या मिस्त्र्यांनी बघून बघून स्वतःच्या पद्धतीने बनवलं. डॅशिंग कारची वरच्या जाळीला टेकणारी दांडी आणि आपल्या लोकलचा पेंटोग्राफ यांचं नातं तर कुणालाही दिसेल. यावर वेगळं लिहावं लागेल, इथे थांबतो.

फिरत्या घोड्यांवर दोनच गोष्टी सांगतो. एक यंत्राची. इंग्लंडमध्ये किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेज या शेतीची यंत्रं बनवणाऱ्या माणसाने मधोमध वाफेचं इंजिन बसवून घोडे फिरवले, आणि पुढे वरच्या दांड्यांना क्रँक देऊन घोडे फिरता फिरता वर-खाली उडायला लागले. जत्रेत स्टीम आलं म्हणजे कारखान्यातली ताकद खेड्यातल्या पोरांनी पहिल्यांदा जवळून बघितली ती अशी, घोड्यावर बसून. तिकडे घोडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात कारण घोड्यावर डावीकडून चढायची रीत आहे, अमेरिकेत उलटे फिरतात.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि मला ही सगळ्यात मोठी वाटते. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचं पार्क होतं, तिथे काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. वर्षानुवर्षं निदर्शनं झाली, जुलै १९६३ मध्ये शेकडो लोकांना अटक झाली, त्यात पाद्री होते, रब्बी होते. शेवटी पार्क सगळ्यांना खुलं झालं २८ ऑगस्ट १९६३ ला, त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते मोठं भाषण झालं. आणि त्या दिवशी शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची मुलगी त्या पार्कातल्या लाकडी घोड्यावर बसली, काळ्या मुलांमधली पहिली, बापाने धरलेली. ते घोडे १९८१ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर आणून बसवले.

आता आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरज आहे का? महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. दलित नवरदेवाची वरात घोड्यावरून निघाली म्हणून आजही कुठेतरी अडवतात, मारतात. घोड्यावर कोण बसणार हा प्रश्न आपल्याला घरचा आहे. म्हणून ते बाल्टिमोरचे घोडे माझ्यासाठी राइड कमी आणि पुरावा जास्त आहेत. जत्रेतल्या मामाच्या पाळण्यात पण मी बघितलंय, रांगेत कोण कुठला हे विचारायला वेळच नसायचा, वजन जुळलं की समोरासमोर बसवलं, बुरखेवाल्या आजी आणि समोर कोळीण, दोघी एकाच वेळी किंचाळायच्या.

अजून एक बाजू, ती रविवारची. अमेरिकेतली बरीच जुनी पार्कं ट्राम कंपन्यांनी काढलेली आहेत, कारण आठवडाभर ट्राम भरून जायची आणि सुट्टीला रिकामी, मग मार्गाच्या शेवटच्या टोकाला पार्क काढलं की रविवारीही गाड्या भरतात. पिट्सबर्गचं केनीवूड १८९८ चं, तसंच आलेलं. कोनी आयलंडला १९२० मध्ये भुयारी रेल्वे पोचली आणि ५ सेंटमध्ये गिरणी-कारखान्यातला कामगार बायकापोरं घेऊन समुद्रावर यायला लागला. सायक्लोन त्या कामगाराच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांवर उभा आहे. मुंबईला हे वेगळं सांगायला नको, आपल्या गिरणगावचा रविवारही चौपाटीवरच जायचा. आणि पुढच्या पिढीचं गोराईच्या बोटीत बसून एस्सेल वर्ल्डला जाणं, १९८९ नंतर मुंबईत वाढलेल्या किती पोरांचा पहिला समुद्रप्रवास आणि पहिला लूप एकाच दिवशी झालाय. दिल्लीकरांसाठी १९८४ चं अप्पू घर तसंच. अप्पू घर २००८ ला बंद झालं, एस्सेल वर्ल्ड २०२२ ला. या जागा गेल्या की एका शहराने सुट्टी कशी घालवली याचा धागा तुटतो.

आता तू म्हणशील, जपलेल्या लाकडी कोस्टरमधली फळी न् फळी बदललेली असते, मग तो जुना राहिला कुठे? बरोबर विचारतोस. सायक्लोन सत्तरच्या दशकात पाडायला निघाले होते, शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून, लोक आडवे आले आणि १९८८ मध्ये त्याला शहराने स्मारक ठरवलं. इंग्लंडमधल्या मार्गेटचा १९२० चा सीनिक रेल्वे नावाचा लाकडी कोस्टर तर २००८ मध्ये कुणीतरी आग लावून बराच जाळला, तो नव्या लाकडाने उभा करून २०१५ ला परत सुरू केला. माझं मत असं, कोकणातल्या घराची कौलं दरवर्षी शाकारतात, वासा कुजला की बदलतात, म्हणून घर आजोबांचं राहत नाही असं कुणी म्हणतं का? चढ-उताराची रेषा तीच, जोडायची पद्धत तीच आणि ती चालवणारा हात आधीच्याकडून शिकलेला, एवढं असेल तर राइड तीच. उलट सगळे मूळ पार्ट आहेत पण दहा वर्षं फिरलीच नाही अशी राइड माझ्या लेखी गेलेली. बेअरिंग बसून बसून खराब होतात, फिरून नाही.

आणि इथेच माझी तक्रार आहे, कुणा एकावर नाही, आमच्या सगळ्या लाइनवर. आपण काही ठेवत नाही. एका पार्कात जुने फिरते घोडे होते, घोडे फायबरचे, साधे, पण वरची क्रँक आणि मधला गिअर कुणा जुन्या मिस्त्रीने हाताने कापून बसवलेला, दात्यांवर छिन्नीच्या खुणा दिसायच्या. एक दिवस कामावर गेलो तर गॅस कटर चालू. किलोच्या भावाने गेला. ड्रॉइंगची फाइल ऑफिसच्या मागे पावसात भिजत पडली होती, मी उचलली तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली, तीन कागद वाचले. त्या मिस्त्रीचं नाव पण कुठे लिहिलेलं नव्हतं, नुसतं एका दात्यावर 'द' कोरलेला. परदेशात लामार्कस थॉम्पसन आणि जॉन मिलर आपल्याला माहीत आहेत कारण पेटंटचा कागद आहे, आपल्या 'द' चं काहीच नाही. सॅव्हेजचा तर त्याच्या गावात पुतळा आहे.

म्हणून तुला एक काम सांगतो, तू इंजिनिअरिंगचा आहेस तर तुला जमेल. येत्या डिसेंबरात माहीमला ये. तिकीट काढून बस, पण उतरल्यावर मागच्या बाजूला जा, जिथे जनरेटर आणि गिअर बॉक्स असतो, आणि मिस्त्रीला विचार हे कुणी बनवलं, कुठल्या गावात, आधी काय होतं. ते सांगतात, कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतात. चाकाचा व्यास मोज, डबे मोज, किती फेऱ्या मिनिटाला ते घड्याळ लावून बघ, आसाच्या टोकाचा फोटो काढ, नेमप्लेट असेल तर तिचाही, रंगाखाली झाकलेली असते, जरा पुसायला लागते. वहीत तारखेसकट लिही. चार पानं झाली तरी पुष्कळ, मंडीनेही १६२० मध्ये एवढंच केलं होतं.

मामाच्या पाळण्याचा एक बुश माझ्याकडे आहे. बाभळीचा, मुठीएवढा, आतून तेल पिऊन काळाकुळकुळीत झालेला, भोक एका बाजूला जास्त घासलंय कारण वाळूत डावीकडचा खांब नेहमी जरा खचायचा. मोजमाप घेऊन ठेवलंय. तू आलास की दाखवतो.